दाण्यातले पाणी आणि तांब्याचे तुटके कडे

मक्याच्या सुगीतली गोष्ट आहे. सांगोला तालुक्यातल्या आमच्या नात्यातील एका मावशींबरोबर आम्ही मका विकायला गेलो होतो. दीड एकर जमीन, विहिरीला जेमतेम पाणी, घरातल्या सगळ्यांचे कष्ट आणि हाती आलेला वीस क्विंटल माल. व्यापाऱ्याने पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढले, एका छोट्या यंत्राच्या वाटीत टाकले, बटण दाबले. आकडा आला सतरा.

"ओला हाय मावशी. क्विंटलला चार किलो कपात पडंल."

"आवं, आठ दीस खळ्यावर वाळवलाय. दाताखाली कडाकडा फुटतोय की!"

"मग मशीन खोटं बोलतंय व्हय?"

मावशी गप्प झाल्या. अर्धा माल खाली उतरला होता, टेम्पोवाला घाई करत होता. कपात सोसून त्यांनी माल तिथेच घातला. पण त्याच पोत्यातले मूठभर दाणे त्यांनी एका पिशवीत घट्ट बांधून घेतले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही ते दुसऱ्या ठिकाणी मोजून घेतले. तिथल्या यंत्राने चौदा दाखवले.

व्यापारी लबाड होता असा आमचा आरोप नाही. कोणते यंत्र बरोबर होते हेही आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. कदाचित पहिले यंत्र वर्षानुवर्षे कोणी तपासलेच नसेल. परंतु मावशींची अकरावी सायन्सला असलेली नात घरी आल्यावर आम्हाला म्हणाली, "मामा, दाण्यातलं पाणी डोळ्यांना दिसत न्हाई, मग मशीनला कसं कळतं? आणि दोन मशीनला दोन येगळी उत्तरं कशी?" पोरीचा प्रश्न लाखमोलाचा होता. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही जे वाचले, जाणकारांकडून समजून घेतले, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कपातीचा खरा हिशेब

आधी पैशाचे बोलू. शंभर किलो मक्यात सतरा टक्के ओलावा आहे याचा अर्थ सतरा किलो पाणी आणि त्र्याऐंशी किलो कोरडा दाणा. हाच मका चौदा टक्क्यांपर्यंत वाळला तर वजन किती भरेल? कोरडा दाणा त्र्याऐंशी किलोच राहणार. तो आता एकूण वजनाच्या 86 टक्के झाला. म्हणून 83 ला 0.86 ने भागायचे. उत्तर येते साडेशहाण्णव किलो. म्हणजे सतराचा मका चौदाच्या भावात घेणाऱ्याने क्विंटलमागे साडेतीन किलो कापले तर पाण्याचा हिशेब फिटला. वाळवण्याच्या खर्चाचे कोणी अधिक मागत असेल तर ते वेगळे बोलून ठरवावे.

पण मका मुळात चौदाच टक्क्यांचा असेल तर? मग चार किलोंतला एकही किलो कापायचा हक्क कोणाला पोहोचत नाही. वीस क्विंटलमागे 80 किलो माल गेला. क्विंटलला 2000 रुपये भाव धरला तर 1600 रुपये झाले. शेतमजुरी करणाऱ्या आपल्या आयाबहिणींना एवढे पैसे मिळवायला किती दिवस उन्हात वाकावे लागते, हे आम्ही सांगायला नको.

हा हिशेब एकट्या मक्यापुरता नाही. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा 12 टक्के आहे. 2024 च्या खरीप हंगामात केंद्र सरकारने ती 15 टक्क्यांपर्यंत सैल केली होती, कारण पावसात भिजलेला माल केंद्रांवरून परत जात होता. कापसाच्या सरकारी खरेदीतही 8 टक्क्यांच्या वर ओलावा गेला की किंमत घटते आणि 12 टक्क्यांच्या वर गेला की माल नाकारला जातो. एका आकड्यावर घरचे वर्ष ठरते. म्हणून तो आकडा कसा येतो हे कष्टकऱ्याच्या घरात ठाऊक असले पाहिजे.

ओलावा मोजायच्या वाटा

सर्वांत खात्रीची रीत साधी आहे. दाणे वजन करून घ्यायचे, भट्टीत ठरावीक उष्णतेवर पूर्ण वाळवायचे आणि पुन्हा वजन करायचे. 100 ग्रॅमचे 86 ग्रॅम झाले की ओलावा 14 टक्के. इतर सगळी यंत्रे या रीतीशी ताडूनच लावली जातात. पण तिला तासन् तास लागतात आणि मोजलेला दाणा विकायच्या कामाचा राहत नाही.

म्हणून बाजारात विजेवर चालणारी यंत्रे आली. काही यंत्रे दाण्यांतून वीज किती अडते ते पाहतात, काही दोन पत्र्यांमध्ये दाणे ठेवून विजेचा साठा किती होतो ते पाहतात. ही यंत्रे स्वस्त आहेत, चटकन उत्तर देतात. परंतु दाण्यातले क्षार, दाण्याची जात, उष्णता आणि वाटीत दाणे सैल पडले की ठासून भरले, या सर्वांचा त्यांच्या आकड्यावर परिणाम होतो. दोन यंत्रांची दोन उत्तरे का आली, याचा उलगडा पुष्कळसा इथे होतो.

याहून भरवशाची वाट शास्त्रज्ञांनी मायक्रोवेव्ह लहरींत शोधली. मोबाइल, वायफाय आणि श्रीमंतांच्या स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टी ज्या लहरींवर चालते त्याच या लहरी. 2.4 गिगाहर्ट्झची लहर एका सेकंदात 240 कोटी वेळा हेलकावे खाते आणि हवेत तिची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. पाण्याच्या कणाची एक बाजू किंचित धन तर दुसरी किंचित ऋण असते. लहर आली की तो कण तिच्याबरोबर वळू पाहतो. त्यामुळे अशा लहरीला पाणी फार ठळक 'दिसते'. वस्तू विजेच्या क्षेत्राला किती प्रतिसाद देते, त्याचे माप म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक. हवेचा हा आकडा 1, कोरड्या धान्याचा साधारण 2 ते 3 आणि साध्या तापमानाला पाण्याचा 78 च्या आसपास. एवढी तफावत असल्यामुळे दाण्यातले थोडे पाणीही लपून राहत नाही. शिवाय इतक्या वेगाच्या लहरींवर क्षारांचा परिणाम पुष्कळ कमी होतो.

या लहरींच्या अभ्यासात आपल्या देशाचा मान मोठा आहे. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये अशा लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. त्याच बोसांना सरकारी कॉलेजात इंग्रज प्राध्यापकांपेक्षा कमी पगार देऊ केला होता. त्यांनी तीन वर्षे पगारालाच हात लावला नाही, पण शिकवणे सोडले नाही. कमी लेखणाऱ्याला ज्ञानाने उत्तर देता येते, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

डफ आणि कडे

आता यंत्राच्या पोटात शिरू. हिरव्या रंगाची सर्किटची पाटी आपण रेडिओत, टीव्हीत पाहिली आहे. अशा पाटीच्या खालच्या बाजूला सलग तांबे ठेवायचे आणि वरच्या बाजूला तांब्याची एक अरुंद पट्टी. हिला मायक्रोस्ट्रिप म्हणतात. 1952 साली अमेरिकेतल्या ग्रीग आणि एंगेलमन यांच्या गटाने ही रचना जगापुढे मांडली. त्याआधी मायक्रोवेव्ह न्यायला पितळेच्या जड नळ्या लागत. आता लहर पाटीवरच्या पट्टीवरून चालू लागली. नेहमीच्या दीड मिलिमीटर जाडीच्या पाटीवर ही पट्टी सुमारे तीन मिलिमीटर रुंद असते.

या पट्टीच्या शेजारी तांब्याचे एक बारीक कडे छापायचे आणि त्या कड्याला एका जागी फट ठेवायची. हेच स्प्लिट रिंग रेझोनेटर, म्हणजे तुटके कडे. 2.4 गिगाहर्ट्झसाठी ते सुमारे एक सेंटिमीटर व्यासाचे पुरते. रुपयाच्या नाण्यावर ठेवले तर नाणे उरेल. कड्याचा वळसा तारेच्या वेटोळ्यासारखे काम करतो आणि फट विजेचा साठा करते. या दोहोंमुळे कड्याला स्वतःचा एक ठरलेला सूर मिळतो. पट्टीवरून नाना सुरांच्या लहरी सोडल्या तर कड्याच्या सुराची लहर ते कडे आपल्याकडे ओढून घेते आणि बाकीच्या पुढे जातात. पलीकडे मोजणाऱ्याला त्या एका सुरापाशी खड्डा पडलेला दिसतो.

आमच्या वाचकांना हे डफावरून पटकन कळेल. जलशात शाहीर डफ हाती घेण्याआधी तो शेकून घेतात. का? दमट हवेत कातडे पाणी धरते, सैल पडते आणि आवाज खाली उतरतो. शेकले की पाणी जाते, सूर चढतो. जाणत्या शाहिराला आवाजावरून कातडे किती ओले ते समजते. तांब्याच्या कड्याचे काम थेट असेच आहे. फटीवर कोरडे दाणे ठेवले तर सूर थोडा उतरतो, ओले ठेवले तर अधिक उतरतो.

समजण्यापुरता हिशेब असा. कड्याभोवतालचा सरासरी स्थिरांक 3.3 असताना सूर 2.40 गिगाहर्ट्झ होता. ओल्या दाण्यांमुळे तो स्थिरांक 3.5 झाला तर सूर 2.33 वर येतो. फरक दिसायला किरकोळ, पण आजच्या उपकरणांना त्याहून कितीतरी बारीक फरक कळतो. डफाच्या बाबतीत कान जे करतो तेच काम इथे उपकरण करते. फरक एवढाच की कानाचा अंदाज ज्याचा त्याच्यापाशी राहतो आणि उपकरणाचा आकडा दोघांनाही तपासता येतो.

या लहरींनी दाणा भाजत नाही, की माणसाला इजा होत नाही. मायक्रोवेव्ह भट्टीत शेकडो वॅट शक्ती असते. या मोजणीला एका वॅटचा हजारावा भाग किंवा त्याच्या आसपास पुरतो.

पुणे आणि कोल्हापूरचे काम

हे सारे परदेशी पुस्तकातले, असे कोणी समजू नये. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात डॉ. कारेकर, डॉ. अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात मायक्रोस्ट्रिपच्या कड्यावर झाडाची पाने आणि गव्हाचे दाणे ठेवून त्यांतला ओलावा मोजण्याचे प्रयोग केले. गव्हावरचा त्यांचा निबंध 1999 साली परदेशातल्या नामांकित नियतकालिकात छापून आला. पुढे कागदातला ओलावाही त्यांच्या गटाने याच पद्धतीने मोजला.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. विजया पुरी यांच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेने चांदीच्या जाड थराचे मायक्रोस्ट्रिप घटक बनवले आणि त्यांवर निरनिराळे पदार्थ ठेवून सूर कसा बदलतो याचा अभ्यास केला. सोलापूरचे स्वतंत्र विद्यापीठ 2004 साली निघाले. त्याआधी सांगोल्यासह सगळ्या सोलापूर जिल्ह्यातली मुले शिवाजी विद्यापीठाचीच पदवी घेत. म्हणजे ही विद्या आपल्यापासून फार लांब नव्हती. ती आपल्या खळ्यापर्यंत आली नाही, एवढेच.

पुण्याच्या गव्हाच्या प्रयोगातले कडे सबंध होते. फट असलेल्या कड्यांचा जगभर बोलबाला झाला तो 1999 नंतर. त्या वर्षी लंडनच्या जॉन पेंड्री यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की अशी पुष्कळ कडी ओळीने मांडली तर निसर्गात न आढळणारे गुण असलेला पदार्थ तयार करता येतो. त्यानंतर तुटक्या कड्यावर हजारो लोकांनी काम केले. कडे लहान, छापायला स्वस्त आणि फटीपाशी विजेचे क्षेत्र एकवटलेले, म्हणून मोजणीसाठी ते फार सोयीचे ठरले.

जे होत नाही तेही सांगितले पाहिजे

अर्धवट विज्ञान सांगणे ही फसवणूकच. म्हणून या कड्याच्या मर्यादाही ऐका.

पहिली गोष्ट, कडे टक्केवारी सांगत नाही, सूर सांगते. कोणत्या सुराला किती टक्के, हे भट्टीत वाळवलेल्या नमुन्यांशी ताडून आधी ठरवावे लागते. मक्याचे कोष्टक ज्वारीला चालत नाही. दुसरी, उष्णता बदलली की सूर हलतो. दुपारच्या उन्हातला दाणा आणि पहाटेचा दाणा यांत फरक पडतो, म्हणून चांगल्या यंत्रात उष्णताही मोजतात. तिसरी गोष्ट दाणे सैल की ठासून, याची. अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधकांनी यावर पुष्कळ वर्षे काम केले. लहरीतल्या एकाऐवजी दोन गोष्टी मोजायच्या, म्हणजे सूर किती उतरला आणि लहर किती मंद झाली, आणि दोन्हींची सांगड घालायची. मग वाटी सैल भरा की दाबून भरा, ओलाव्याचा आकडा जवळजवळ तोच राहतो.

चौथी मर्यादा आपल्या सांगोल्याच्या दृष्टीने महत्त्वाची. तालुक्याचे नाव डाळिंबाने देशभर गेले. 28 डिसेंबर 2020 रोजी शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहूनच बंगालमधल्या शालिमारला रवाना झाली होती. तेव्हा कोणी म्हणेल, हे कडे डाळिंबावर टेकवून आतला दाणा कसा आहे ते पाहू, तेल्या रोग ओळखू. तसे होणार नाही. एवढ्याशा कड्याचे क्षेत्र काही मिलिमीटरच पोहोचते आणि सालीतच पाणी भरपूर असते. आतल्या दाण्याची गोष्ट त्याला कळत नाही. असे यंत्र विकायला कोणी दारात आले तर खिशात हात घालण्याआधी दहा प्रश्न विचारा.

मात्र डाळिंबाच्या मुळाशी हीच विद्या कामाची आहे. कोरड्या मातीचा स्थिरांक 3-4 असतो, पाण्याने भरलेल्या मातीचा वीस-तीसपर्यंत जातो. ठिबकचे पाणी केव्हा सोडायचे आणि केव्हा थांबायचे, हे मातीत रोवलेले असे यंत्र सांगू शकते. पाण्यासाठी टँकरची वाट पाहिलेल्या तालुक्याला याची किंमत कोणी समजावून द्यायला नको. तीच गोष्ट आभाळातूनही केली जाते. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला भारत-अमेरिकेचा निसार उपग्रह मायक्रोवेव्ह लहरींनीच जमिनीतल्या ओलाव्याची पाहणी करण्यासाठी बनवला आहे.

आपण काय करावे

कड्याचे यंत्र बाजारात येईल तेव्हा येईल. तोवर माल विकताना चार गोष्टी पाळाव्यात. एकाच पोत्यातले नव्हे, तीन-चार पोत्यांतले दाणे मिसळून नमुना द्यावा. मोजणी तीनदा करायला लावावी आणि तिन्ही आकडे लिहून घ्यावेत. त्यांत दोन टक्क्यांचा फरक पडत असेल तर त्या यंत्रावर कपात मान्य करू नये. यंत्र कोणत्या धान्यावर लावले आहे ते पाहावे, आणि ते केव्हा तपासले होते हे स्पष्ट विचारावे. तराजूवर शिक्का पाहण्याची आपली सवय आहे, तशीच सवय या यंत्राबाबत लागली पाहिजे. आणि मालाचा थोडा नमुना घट्ट बंद पिशवीत आपल्याजवळ ठेवावा. माल खाली उतरवण्यापूर्वी कपातीचा आकडा ठरवावा. तंटा झालाच तर बाजार समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार द्यावी, तोंडी नको.

आणि आईवडिलांना एक विनंती. असे कडे बनवायला मोठा कारखाना लागत नाही. तांबे चढवलेली पाटी, नको ते तांबे खाऊन टाकणारे फेरिक क्लोराइडचे द्रावण, हातमोजे आणि बारीक काम करणारे हात एवढे पुरे. पूर्वी मोजणीचे उपकरण लाखो रुपयांचे असे. आता नॅनोव्हीएनए नावाचे तळहाताएवढे उपकरण काही हजारांत मिळते. तालुक्याच्या एखाद्या महाविद्यालयात चार विद्यार्थ्यांनी मिळून घेतले तर मका, ज्वारी, बाजरी यांची आपल्या भागाची कोष्टके तयार करता येतील. भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा किंवा आयटीआय, कोणतीही वाट असो, पोरगा रेडिओ उघडून बसला म्हणून त्याला रागावू नका. आणि पोरगी सायन्सला जाते म्हणाली तर "मुलीला काय करायचंय" असे म्हणू नका.

मावशींच्या नातीला आम्ही हे सगळे सांगितले. तिने वहीत कडे काढले, फट काढली आणि खाली तो 83 ला 0.86 ने भागायचा हिशेब लिहिला. मग ती आजीपाशी जाऊन बसली. पुढच्या सुगीला आजीबरोबर टेम्पोत तीही बसणार आहे. मावशींना आम्ही विचारले, "आता व्यापारी म्हणाला, मशीन खोटं बोलतंय व्हय, तर काय म्हणाल?"

मावशी हसल्या. "म्हणंन, मशीन बोलंल ते खरं. पण आधी ते मशीन तपासल्यालं दाखव. आणि माझी नात संगं हाय, तिला दोनदा मोजून दे."